लिमयेकाकांचा कवी

लिमयेकाका दारू पीत नाहीत, पाण्यात उतरत नाहीत आणि संध्याकाळी घराबाहेर पडायचं झालं तर जूनमध्येसुद्धा मफलर घेतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या मराठी मंडळींत त्यांची जी काही ख्याती आहे ती एका दारुड्या चिनी कवीमुळे आहे. तो कवी हजार-बाराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. डोंगर, नद्या, मद्य, चंद्र आणि मित्रांचे निरोप हे त्याचे विषय. दरबारात टिकला नाही, जन्मभर गावोगाव भटकला. लोकांना त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक असतं की एका पौर्णिमेला पिऊन तर्र होऊन तो होडीत बसला होता, पाण्यात पडलेल्या चंद्राला मिठी मारायला वाकला आणि बुडाला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. उच्चार चुकला तर काकांचा फोन येईल, आणि काकांचा फोन आला की भाजी करपते.

काकांची नि माझी ओळख जिन्यात झाली. मी नुकती त्या इमारतीत राहायला आले होते. ऑफिसमधून थकून, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले, तर वरच्या पायरीवर मफलरवाले एक गृहस्थ उभे. दारावरच्या पाटीवरून त्यांनी माझं मराठीपण आधीच हेरलं होतं.

"थकलात?" त्यांनी विचारलं.

"हो, खूप."

"छान. मग दोन ओळी ऐका."

आणि त्यांनी खरोखरच दोन ओळी म्हणून दाखवल्या. नदीच्या धुक्याबद्दल काहीतरी होतं. मग विचारलं, "शेवटपर्यंत लक्ष राहिलं का? खरं सांगा." मी म्हटलं, मध्ये जरा दुधाकडे गेलं, पिशवी गळतेय असं वाटलं म्हणून. त्यांनी मान हलवली, खिशातून कागद काढून त्या ओळींवर काट मारली आणि माझे आभार मानून वर निघून गेले.

याचा उलगडा पुढे काकूंनी केला. काका मोटारीच्या कारखान्यात दारांच्या चाचणीचं काम करत. एका बंद खोलीत दार गोठवायचं, तापवायचं, त्यावर धूळ उडवायची आणि यंत्राच्या हाताने ते दिवसभर उघडायचं, लावायचं. दार जोवर मोडत नाही तोवर त्याला चांगलं म्हणायचं नाही, हा त्यांच्या खात्याचा रिवाज. काका कवितेचा मराठी अनुवादही याच रिवाजाने करत. ओळ जमली की ती महिनाभर रोज मोठ्याने वाचायची. थंडीत बाल्कनीत, गर्दीत बसमध्ये आणि थकलेल्या माणसासमोर. त्यातून जी तगेल ती ठेवायची, बाकीची रद्दी कागदाच्या निळ्या डब्यात, आल्टपापियरमध्ये. थकलेलं माणूस म्हणून इतकी वर्षं काकूच होत्या. मी आल्यावर त्यांना थोडी उसंत मिळाली, म्हणून त्या मला पहिल्या दिवसापासून धरून होत्या. तळमजल्यावरच्या फ्राऊ हेर्मान यांची मात्र समजूत होती की हेर लिमये जिन्यात प्रार्थना करतात. काका दिसले की त्या आवाज न करता दार लावून घेत.

हे चिनी प्रकरण आलं कुठून, तर कंपनीने काकांना काही वर्षं चीनमधल्या कारखान्यात पाठवलं होतं. काकू आणि त्यांची शाळकरी मुलगी गौरी मागे इथेच राहिल्या. काका शाकाहारी, भाषा येत नाही, संध्याकाळी जायला जागा नाही. त्यांचे घरमालक निवृत्त मास्तर होते. त्यांनी दर रविवारी काकांना एक कविता शिकवायची आणि काकांनी त्या बदल्यात घरातलं एक दार दुरुस्त करायचं, असं ठरलं. दारं लवकर संपली. मग मास्तरांनी शेजाऱ्यांची दारं आणून द्यायला सुरुवात केली. काका परतले तेव्हा त्या गल्लीत एकही दार कुरकुरत नव्हतं, आणि काकांना तो कवी जवळजवळ पाठ होता.

तेवढ्या काळात काकू इथे गाडी चालवायला शिकल्या. पालकसभेत मोडक्या जर्मनमध्ये भांडल्या. हीटिंग बंद पडल्यावर इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरला भर दुपारी घरी बोलावून समोर उभं केलं. काका हे सगळं अभिमानाने सांगत. काकू सांगत तेव्हा त्यात अभिमान नसे.

कवीच्या बदनामीचा काकांना मनापासून त्रास होई. "आल्झो, मला एक सांगा," ते बोट उभारून म्हणत, "एवढ्या कविता, त्यातले एवढे काटेकोर नियम. हे झिंगलेल्या माणसाचं काम आहे का? गेनाऊ, अगदी बरोबर. नाही." त्या काळचं मद्य आजच्या बिअरपेक्षाही सौम्य होतं, हे ते आकडेमोड करून दाखवत. आणि चंद्राला मिठी मारून बुडण्याची गोष्ट तर शुद्ध थाप आहे, कवी कुणा नातेवाइकाच्या घरी रीतसर आजारी पडून वारला, असं त्यांचं ठाम म्हणणं. "आमचे कवी," असं म्हणत ते. काकू म्हणत, "तो तुमचा."

एकदा अभ्यासाचा भाग म्हणून स्वतः मद्य घेऊन बघावं असं त्यांच्या मनात आलं. काकूंनी परवानगी दिली, पण माप औषधाच्या झाकणाचं ठरवलं. काका आशियाई दुकानातून तांदळाच्या मद्याची बाटली घेऊन आले, बाल्कनीत खुर्ची टाकली, चंद्र नीट वर येईपर्यंत थांबले आणि दोन झाकणं प्यायले. मी आणि काकू आतून बघत होतो. बराच वेळ काही घडलं नाही. मग काका आत आले आणि म्हणाले, "घसा खवखवतोय." काकूंनी हळद घालून दूध दिलं. उरलेली बाटली पुढे काकूंनी खिडक्यांच्या काचा पुसायला वापरली आणि काचा खरंच लख्ख निघाल्या.

काकूंना परत जायचं होतं. हे त्या लपवून ठेवत नसत. सांगलीला त्यांच्या बहिणीच्या शेजारी दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन ठेवला होता. गौरी शिकून एर्लांगेनला नोकरीला लागली होती, तिचं तिचं बरं चाललं होतं. "आता मला इथे काय राहिलंय?" काकू म्हणत. "गॅलरीत उभं राहिलं तर हाक मारायला माणूस नाही." काका नाही म्हणत नसत. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते तारीख देत. दिवाळीनंतर. मग उन्हाळ्यानंतर. मग निवृत्तीनंतर. आणि निवृत्ती जवळ आली तसं, अनुवाद संपल्यावर. अनुवाद ज्या गतीने चालला होता त्या गतीने तो कधी संपेल, हे काकूंना काकांपेक्षा नीट कळत होतं.

आता कोजागिरी. इकडे कोजागिरीला ढग असतात, हे गृहीत धरूनच आमचं मराठी मंडळ शेजारच्या हाइलब्रोनमध्ये हॉल घेतं. दूध तापत ठेवायचं, चंद्र दिसला तर पातेलं पाच मिनिटं अंगणात नेऊन आणायचं आणि नवाच्या आत पसारा आवरून किल्ली परत करायची. त्या वर्षी दूध आटेपर्यंत काहीतरी कार्यक्रम हवा म्हणून अध्यक्षीणबाईंनी काकांना चंद्राची गोष्ट सांगायला बोलावलं. त्यांना ती गोष्ट हवी होती, मिठीची. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंही होतं. "रोमँटिक आहे ना काका, मुलांनाही आवडेल."

काका माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी ती गोष्ट कशी खोटी आहे हे सांगायला घेतलं. होडीची रुंदी, वाकणाऱ्या माणसाचं वजन, त्या नदीचा प्रवाह. अशा प्रवाहात चंद्राचं प्रतिबिंब मिठी मारण्याजोगं गोल दिसतच नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दूध आटलं. बदाम घालून झाले. बाहेर पाच मिनिटं ढग फाटले, कुणीतरी "चंद्र, चंद्र!" म्हणून ओरडलं, पण काका प्रवाहाच्या वेगावर होते आणि मध्येच उठायचं कसं म्हणून कुणी उठेना. ढग परत जुळले. तेवढ्यात मागच्या रांगेतून काकूंचा आवाज आला.

"अहो, बुडू द्या ना त्याला एकदाचा! दूध गार होतंय."

हॉल हसला. काका हसले नाहीत. "पुरावा नाही," ते म्हणाले.

"बरं, नाही बुडला. मग त्याची बायको कुठे होती हो तेव्हा?"

"लग्नं एकाहून जास्त झाली होती त्यांची, त्यामुळे नक्की कोणती पत्नी..."

"कोणतीही. होती कुठे?"

काकांनी विचार केला. ते कधी विचार न करता उत्तर देत नसत. "घरी," ते म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुन्हा कुणी हसलं नाही. अध्यक्षीणबाईंनी घाईघाईने पेले वाटायला घेतले.

दुसरं कुणी असतं तर या 'हं'चा अर्थ घरी जाताना गाडीतच लागला असता. काकांनी तो प्रश्न अभ्यासातली उणीव म्हणून घेतला. पुढचे कित्येक दिवस ते पुस्तकं चाळत होते. मग एका रविवारी जिन्यात मला थांबवून मोठ्या आनंदाने म्हणाले, "हिची शंका रास्त होती. घरी राहिलेल्या बायकांवर कविता आहेत! एक सापडलीय. आता हिला तीच मराठीत करून देतो."

कवितेत एका होडीवाल्याची बायको बोलते. नवरा माल घेऊन नदीवर गेलाय. शेजारणींचे नवरे परतले. ही रोज त्याची रजई उन्हात घालते आणि संध्याकाळी परत आत घेते. तिला राग आलेला नाही, निदान ती तसं म्हणत नाही. एवढीच कविता.

काकांनी ती महिनाभर चाचणीला लावली. रोज सकाळी चहाच्या वेळी, काकूंसमोर. एका सकाळी मी स्वतः तिथे होते. काकू पोळ्यांची कणीक मळत होत्या. काकांनी सगळी कविता वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, "'वाट' शब्द दोनदा आलाय. कानाला खटकतो का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "दोनदा कमीच झाला."

काकांनी ते लिहून घेतलं.

त्या शनिवार-रविवारी गौरी आली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. चहाला बसली, कविता ऐकली, आईकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "पापा, दास इस्ट मामा." म्हणजे, बाबा, ही आई आहे.

"नाही गं," काका समजावणीच्या सुरात म्हणाले, "ही होडीवाल्याची बायको."

गौरीने माझ्याकडे बघितलं. मी बशीतली चकली उचलून तोंडात घातली. नवराबायकोत तिसऱ्याने पडू नये, असं माझी आई सांगायची. मुलीने तर नाहीच नाही.

महिना संपला. कविता पास झाली. त्याच आठवड्यात काकूंनी तिकीट काढलं, एकीचं. भांडण नाही, आदळआपट नाही. लोणच्याची बरणी मला दिली, कढीपत्त्याची कुंडी फ्राऊ हेर्मान यांना दिली, काकांना वॉशिंग मशीनची बटणं समजावली. "तुम्ही तुमचं संपवून या," त्या म्हणाल्या. काकांना वाटलं, अनुवाद संपवून या असं म्हणतेय. ते कामाला लागले.

मला काकू गेल्याचं फार वाईट वाटलं आणि काकांचा संतापही आला. माणसाला बाराशे वर्षांपूर्वीच्या बाईचं दुःख शब्दाशब्दाने कळतं आणि समोर कणीक मळणारी दिसत नाही, याला काय म्हणावं? पण काकांवर रागावून राहणं अवघड होतं. ते निवृत्त झाले. निरोपाला कंपनीने त्यांना मोटारीचं एक चकचकीत हँडल फ्रेम करून दिलं. मग सल्लागार म्हणून त्यांना आणखी थांबवून घेतलं आणि ते थांबले. एकटे स्वयंपाक करू लागले, म्हणजे रोज मुगाची खिचडी. फोनवर काकूंशी रोज बोलत. पाणी आलं का, गुडघे कसे आहेत, गौरीचा फोन आला होता का. जिन्यात मला गाठून वाचून दाखवायचे तेच फक्त आता लांबलं होतं. दोन ओळींच्या आठ झाल्या. एक दिवस तर बाराव्या ओळीला माझ्या लक्षात आलं की हे चाचणी करत नाहीयेत, यांना बोलायला कुणीतरी हवंय.

मग ती दुपार. आमच्याकडे जिना पुसायची पाळी आठवड्या-आठवड्याने फिरते, केरवोखं म्हणतात तिला. पाळी काकांची होती. मी खालून येत होते, ते पायऱ्या पुसत होते आणि पुसता पुसता होडीवाल्याच्या बायकोची कविता म्हणत होते. पास झालेली कविता काका सहसा परत काढत नसत.

"काका, ही तर झाली ना?"

"झाली. पण काल पुन्हा तपासावीशी वाटली. ऐका." त्यांनी म्हणायला सुरुवात केली. शेजारणींचे नवरे आले. मग रजई. रजई उन्हात घातली, इथपर्यंत ते आले आणि थांबले. पोछा बादलीवर तसाच धरून उभे राहिले. पाणी थेंबथेंब गळत होतं.

"काल ही फोनवर म्हणाली," ते सावकाश म्हणाले, "तुमची गादी गच्चीवर ऊन दाखवायला नेली होती. संध्याकाळी परत आत घेतली. मी म्हटलं, मी तर तिथे नाही, माझ्या गादीला ऊन कशाला? ती म्हणाली, कुबट वास धरते हो, पडून पडून."

मी हातातली किल्ली परत पर्समध्ये टाकली.

"गौरी बरोबर म्हणत होती."

"हो काका."

"मी हे हिला महिनाभर वाचून दाखवलं. रोज."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काका, फ्राऊ हेर्मान सोडल्या तर सगळ्यांना माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. पोछा पिळला. उरलेल्या पायऱ्या, कोपरेसुद्धा, नीट पुसून काढल्या, कारण पाळी त्यांची होती. बादली घेऊन वर गेले. थोड्या वेळाने वरून फोनवर बोलल्याचा आवाज आला. पुढे काकूंनीच मला ते बोलणं सांगितलं. काकांनी विचारलं, "मी आलो तर चालेल का?" काकू म्हणाल्या, "घर तुमचं आहे, विचारता काय?" काकांनी मग अडखळत विचारलं की पुस्तकांचं काय करू, कवीला आणू की नको. काकू म्हणाल्या, "आणा की. पण इथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. दोघांना पुरेल का बघा."

निघायला दोन महिने गेले. जर्मनी सोडणं हे जर्मनीत येण्यापेक्षा किचकट आहे. घर सोडल्याची सूचना, विजेची सूचना, कचऱ्याच्या डब्याची सूचना. अनुवाद बराच बाकी होता. मी विचारलं, आता त्याचं कसं? काका म्हणाले, "आमच्या कवींना घाई नाही," आणि टेप लावून पुस्तकांचं खोकं बंद केलं.

मी त्यांना नेकारसुल्मच्या स्टेशनवर सोडायला गेले. दुपारची गाडी होती, तिथून हाइलब्रोन, पुढे फ्रांकफुर्टचा विमानतळ. गाडीला उशीर होता, त्यात काही बातमी नाही. फलाटावर सायकल घेतलेला एक माणूस, दोन म्हाताऱ्या आणि कानात गाणी ऐकणारी एक मुलगी. काकांनी मफलर घट्ट केला आणि काकूंना फोन लावला. फोन लाऊडस्पीकरवर होता. तो कसा बंद करायचा हे काकूंनी जाताना वॉशिंग मशीनबरोबर समजावलं नव्हतं.

"निघालोय गं. गाडीला उशीर आहे."

"ओरडू नका, येतंय ऐकू. मुंबईला किती वाजता उतरताय?"

"सकाळी. तिथून मी बसने येतो. तू काळजी करू नकोस."

"बसने नाही. मी येतेय विमानतळावर."

"सांगलीहून? अगं, एवढा प्रवास! तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. गाडी ठरवलीय. मी येतेय."

काकांनी फोन खाली घेतला. फलाटावरच्या पाटीवर उशीर आणखी वाढला. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी बघायला जवळ सरकले. काका फोनकडे बघत होते. मग, दाराचा अहवाल वरिष्ठांना सांगावा तशा सपाट आवाजात ते म्हणाले, "मला तुझी फार आठवण आली. रोज आली. मी ते सांगितलं नाही."

पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. सांगलीत कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजला.

"अहो," काकूंचा आवाज आला, "मी स्पीकरवर आहे का?"

"हो. बंद करता येत नाही."

"जवळ कोण आहे?"

"खालची ही आहे. आणि चार जर्मन आहेत."

"मग परत सांगा," काकू म्हणाल्या.

काकांनी परत सांगितलं. या वेळी मोठ्याने.